पेजेच्या बाजूची वाटी

आमच्याकडचा सकाळचा नाश्ता कसाही फिरवा, तो तांदळाशीच येऊन थांबतो. घावणे तांदळाचे, आंबोळ्या तांदळाच्या, शिरवाळे तांदळाचे, पोहे म्हणजे भातच चेपून सपाट केलेला, आणि काहीच करायचा उत्साह नसेल तर उकड्या तांदळाची पेज आहेच. वेंगुर्ल्यापासून वर देवगडपर्यंत कुठल्याही घरात सकाळी डोकावा, यांतलंच काहीतरी शिजत असणार. मला त्याची तक्रार नाही. जाळीदार, कडेने जरासा कुरकुरीत झालेला घावणा खाऊन ज्याचा दिवस सुरू होतो त्याने तक्रार करूही नये. पण मागच्या पावसाळ्यापासून घरात एक नवा हिशोब शिरला आणि या तांदळाकडे जरा संशयाने बघायची वेळ आली.

झालं असं, की सासूबाईंना ताप आला. मी त्यांना आईच म्हणते. ताप गेला, पण जाताना त्यांच्या मांड्यांवरचं मांस घेऊन गेला. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, किडनी ठीक आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, औषध काही देत नाही, खाण्यातलं प्रोटीन वाढवा, त्यातही सकाळचं. (किडनीची खात्री महत्त्वाची. ती कमजोर असेल तर हा पुढचा सगळा उद्योग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) आईंचा सकाळचा आहार तेव्हा कपभर गोड चहा आणि त्यात बुडवलेलं बेकरीचं कडक बटर.

मग आकडे शोधणं आलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जे प्रमाण ठरवून दिलं त्यात निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. म्हातारपणी स्नायू झिजत जातात, म्हणून उतारवयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम घ्यावीत असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. आई 50 किलोच्या आतबाहेर, म्हणजे त्यांना दिवसाला 50 ग्रॅमच्या पुढेच हवीत. ती सगळी रात्रीच्या जेवणात कोंबूनही उपयोग नाही, दिवसभरात वाटून गेलेली बरी. सकाळी निदान 15 ग्रॅम. चहा-बटरातून जात होती जेमतेम तीन-चार. बटराच्या जागी दोन घावणे दिले तरी फार फरक नाही. कच्च्या तांदळात 100 ग्रॅमला 7 ते 8 ग्रॅम प्रथिनं असतात आणि दोन घावण्यांना पीठ लागतं 60 ग्रॅमच्या आसपास. करा हिशोब.

हे सगळं मी आईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या येळार खय होता ह्या प्रोटीन? माणसा जगतच होती मां!"

प्रश्न थट्टेचा होता, पण मी तो खरा धरला आणि त्यांनाच विचारत बसले. लहानपणी सकाळी काय खायचात? पेज. पेजेबरोबर काय असायचं? इथे उत्तर लांबत गेलं. निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. रात्रीची उरलेली कुळथाची पिठी. काळ्या वाटाण्याची नाहीतर गावठी चवळीची उसळ. सुकटीचं, म्हणजे सुक्या बारीक मासळीचं, किसमूर. अगदीच काही नसलं तर खोबऱ्याचा तुकडा नाहीतर लोणच्याची फोड. शेवटची दोन सोडली तर या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे प्रथिनांची वाटी आहे. माणसं जगत होती हे मात्र अर्धंच खरं. वाटी छोटी आणि मुलं जास्त असायची, बाईच्या वाट्याला ती कितपत यायची हेही आईंनीच न विचारता सांगितलं. जुन्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण वाटी होती, एवढं खरं.

आता वाटीच गेली आहे. तांदूळ कुठेच गेला नाही, तो मजेत आहे. वाटी जायला कारणंही आहेत. कडधान्य रात्री आठवणीने भिजत घालावं लागतं, पिठीला आणि किसमुराला सकाळी वेगळा वेळ द्यावा लागतो, सुक्या मासळीचा वास शहरात वाढलेल्या मुलांना सोसत नाही. भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर कुळीथ, चवळी घ्यायची पद्धत होती. आमच्या वाडीत कित्येकांनी ती माकडांना कंटाळून सोडली. मग घावण्याच्या बाजूला काय येतं? खोबऱ्याची चटणी. पर्यटकांना आपण 'अस्सल मालवणी नाश्ता' म्हणून जे वाढतो ते बहुतेक वेळा हेच असतं, घावणे-चटणी नाहीतर शिरवाळे आणि गुळाचा नारळरस. चवीला तोड नाही. पण ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅमला प्रथिनं तीन-चार ग्रॅम आणि चरबी तीसच्या वर. नारळ कल्पवृक्ष असेलही, प्रथिनांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नये.

म्हणून घरात मी बदल केला तो एवढाच: वाटी मोठी, घावणे कमी. कोकणी नाश्ता सोडून ओट्स आणि पीनट बटरच्या मागे लागायचं नाही. बाजूचं मध्ये आणायचं, मधलं बाजूला सारायचं.

सुरुवात कुळथापासून केली. कुळीथ दिसायला गरीब, मातकट, खडबडीत, शहरी किराणा दुकानात मागच्या रांगेत पडलेला. त्यात 100 ग्रॅमला जवळजवळ 22 ग्रॅम प्रथिनं आहेत. आमच्याकडे पिठासाठी तो मंद आचेवर खमंग भाजतात, जात्यावर किंवा गिरणीत भरडून सालं पाखडून काढतात आणि मग दळतात. भाजण्यात हयगय केली तर पिठीला कच्चट वास राहतो, आणि तो वास एकदा आला की कितीही लसूण घाला, जात नाही. पिठी करायला दहा मिनिटं पुरतात: ठेचलेली लसूण, सुकी मिरची आणि हिंगाची फोडणी, पाणी, चार सोलं (आमसुलं), त्यात गार पाण्यात कालवलेलं पीठ सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. वरून कोथिंबीर. माणशी 30 ग्रॅम पीठ धरलं तर साडेसहा ग्रॅम प्रथिनं झाली.

घावण्याच्या पिठातही मी कुळीथ घालायला लागले, तीन वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी. रंग काळपट येतो आणि जाळी थोडी कमी पडते. पीठ नेहमीपेक्षा पातळ ठेवलं, बिडाचा तवा चांगला तापू दिला आणि अर्ध्या कापलेल्या कांद्याने तेल फिरवलं की निम्मी जाळी परत येते. उरलेल्या निम्म्या जाळीचा मोह सोडायचा. या दोघांच्या जोडीमागे एक शहाणपणही आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते कडधान्यात भरपूर असतं. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. पिठी-भात, आंबोळी-उसळ, पेज आणि मूग या जोड्या ज्यांनी लावल्या त्यांना ही नावं माहीत नव्हती, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

आईंच्या मते कुळीथ उष्ण, तो पावसात आणि थंडीत खावा, चैत्र-वैशाखात त्याला हात लावू नये. मी वाद घालत नाही. उन्हाळ्यात मूग आहेत.

आंबोळीचं प्रकरण अजून सोपं निघालं. आमच्याकडे तीन भाग तांदूळ, एक भाग उडीद आणि थोडी मेथी असं प्रमाण चालतं. 300 ग्रॅम तांदूळ आणि 100 ग्रॅम उडीद घेतले तर सगळ्या पिठात मिळून साधारण 46 ग्रॅम प्रथिनं येतात. तांदूळ आणि डाळी निम्मेनिम्मे केले तर तेवढ्याच 400 ग्रॅमात ती 60 च्या पुढे जातात. फक्त ती सगळी भर उडदाची घालू नये, आंबोळी चिवट आणि गिळगिळीत होते. निम्मी उडीद डाळ, उरलेल्यात मूग आणि थोडी चण्याची डाळ घातली की कड कुरकुरीत सुटते. मे महिन्यात हे पीठ रात्री उशिरा वाटलं तरी पहाटे पातेल्याबाहेर येतं, डिसेंबरात मात्र चुलीच्या कडेला नाहीतर गरम पाण्याच्या परातीत ठेवून त्याची मनधरणी करावी लागते. बाजूला काळ्या वाटाण्याचं सांबारं, दाट, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचं. हे सांबारं आमच्याकडे नवीन नाही, आदल्या दिवशीच जास्त करून ठेवायचं हे नवीन.

इथे एका गोष्टीवर मला जरा चिडायचं आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात की वाटीभर मोड आलेल्या मुगात चार अंड्यांचं प्रोटीन असतं. हा आकडा येतो कुठून? सुक्या मुगात 100 ग्रॅमला 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात, हे खरं. पण सुके मूग कोणी चावत नाही. ते भिजतात, पाणी पितात, फुगतात, शिजतात, आणि शिजलेल्या 100 ग्रॅम मुगात प्रथिनं उरतात सातच्या आसपास. कमी झालेली नसतात, पाण्यात पसरलेली असतात. एका अंड्यात असतात सहा. म्हणजे भरलेली वाटीभर उसळ ही दीड अंड्याच्या बरोबरीची, चार नव्हे. मोड आणल्याने प्रथिनं वाढत नाहीत. पचायला हलकी होतात आणि क जीवनसत्त्व वाढतं, जे आपल्या जागी मोलाचं आहेच. कवळी लावणाऱ्या, पोटात वारा धरणाऱ्या माणसासाठी तर मोड, आलं आणि हिंग या तिन्ही गोष्टी लागतातच. पण कौतुक करायचं तर खऱ्या कारणासाठी करावं.

नाचणीचंही तेच. तिला गेल्या काही वर्षांत फार भाव आला आहे आणि 'प्रोटीनने भरपूर' म्हणून ती बिस्किटांच्या पुड्यावर छापून येते. नाचणीत प्रथिनं 100 ग्रॅमला सातच्या घरात, तांदळाएवढीच. तिचं खरं धन म्हणजे कॅल्शियम, 100 ग्रॅमला 340 मिलिग्रॅमच्या वर. आईंच्या हाडांसाठी मी आंबील देते, स्नायूंच्या खात्यात ती मांडत नाही.

आणि सुकी मासळी. हिच्याबद्दल किती लिहू असं होतं. मासळी वाळवली की पाणी उडून जातं आणि मागे उरतं त्याच्या निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचं असतं. मूठभर सुका जवळा, 15 ग्रॅम म्हणा, आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं देऊन जातो. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवायची ही किनाऱ्यावरची रीत. जवळा घ्यायला मी स्वतः जाते, कारण रेतीवर वाळवलेला आणि जाळीवर वाळवलेला यांतला फरक दाताखाली आल्यावर कळून उपयोग नसतो. निवडायचा, दोनदा पाण्यातून काढायचा, कोरड्या तव्यावर भाजायचा, मग कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि सोलाचं पाणी कालवून किसमूर. भाकरीबरोबर, पेजेबरोबर, आणि आमच्या घरी आता घावण्यात गुंडाळूनही. खारा बांगडा चवीला याहून वरचढ, पण त्यातलं मीठ रक्तदाबाच्या माणसाला झेपत नाही. भिजवून ठेवला तरी पुरतं जात नाही. आईंना तो मी क्वचित देते. त्या स्वतः घेतात तेव्हा मी बघत नाही.

पण सोमवार येतो, संकष्टी येते, श्रावण तर पुरा महिना. मासळी नाही, अंडंही नाही. आणि वैशाखात तर वेगळीच अडचण. दमट उकाड्याने आईंची भूकच मरते. उसळ नको, पिठी नको, भाकरी घशाखाली उतरत नाही. एकच गोष्ट त्या कधी नाकारत नाहीत: थंडगार काहीतरी. दुपारी सायकलवर कुल्फीवाल्याची घंटा वाजली की ज्या माणसाला अंगणापर्यंत चालवत नव्हतं ते माणूस दारात उभं असतं.

तेव्हा वाटीचा हिशोब फ्रीजरमध्ये घेऊन जावा असं माझ्या मनाने घेतलं.

आधी बाजारातल्या डब्यांवरचं वाचलं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 'आइस्क्रीम' म्हणवून घ्यायचं तर त्यात किमान 10 टक्के दुधातली चरबी आणि साडेतीन टक्के प्रथिनं लागतात. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरलं तर डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण असतं. आणि एक लिटर आइस्क्रीमचं वजन 525 ग्रॅम भरलं तरी चालतं. म्हणजे लिटरच्या डब्यात निम्मी हवा, कायद्याच्या परवानगीने. हवा वाईट नव्हे, तिच्यामुळेच ते मऊ लागतं. पण 100 मिलीच्या कपात मग प्रथिनं येतात दोन ग्रॅमच्या जवळपास. तेवढी तर बटरातही होती.

घरी मध्ये आणला तो चक्का. लिटरभर म्हशीच्या दुधात 35 ते 40 ग्रॅम प्रथिनं असतात. दूध नीट तापवून विरजलं आणि दही फडक्यात टांगलं की बहुतेक सगळी चक्क्यात राहतात. दूध तापवण्याला इथे अर्थ आहे. तापताना निवळीत, म्हणजे दह्यातून गळणाऱ्या पाण्यात, जाणारी प्रथिनं दुधातल्या मुख्य प्रथिनाला, केसीनला, चिकटून बसतात आणि फडक्यातच अडकतात. म्हणून चक्क्याच्या निवळीत प्रथिन फारसं उरत नाही. तरी मी ती फेकत नाही, घावण्याचं पीठ तिच्यातच कालवते, छान आंबूस चव येते. फडकं मात्र कोकणातल्या मे महिन्यात खुंटीला टांगायचं नाही, सकाळपर्यंत दही दात आंबवणारं होतं. चाळणीत फडकं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये.

पुण्याहून आलेला माझा भाचा हे बघत होता. त्याच्या बॅगेत प्रोटीन पावडरचा मोठा डबा, एका मापात 24-25 ग्रॅम. ती पावडरही निवळीचीच, चीज करताना उरणाऱ्या. तिला मी नावं ठेवत नाही. ज्याला पहाटे उठून व्यायाम करून लोकल नाहीतर बस गाठायची आहे त्याने पिठी कधी ढवळायची? पण त्याने ती दुधात घालून बर्फाच्या साच्यात गोठवली, साखर न घालता, आणि जे तयार झालं त्याने खिडकीची काच फुटली असती. पाण्याचं हेच आहे, त्याला मोकळं सोडलं की ते दगड होतं. साखर त्याचा गोठणबिंदू खाली ओढते, चरबी आणि प्रथिनं स्फटिकांच्या मध्ये येतात, ढवळल्याने मोठे स्फटिक मोडतात. यातलं काहीच नसेल तर नुसत्या प्रोटीनच्या नावाने कुल्फी मऊ होत नाही. म्हणून 'साखरविरहित' हट्ट मी धरत नाही. कमी घालते, पण घालते. मधुमेह असलेल्यांचं गणित वेगळं, त्यांनी छोटी कुल्फी खावी किंवा खाऊच नये.

आंबा घालताना पाण्याचीच काळजी. ताजा रस तसाच ओतला तर चक्का पातळ होतो आणि बर्फ दाताला लागतो. आपल्याकडे रस आटवून मावा करतात तो इथे कामाला येतो. हापूस त्यासाठी जाळायचा नाही, तो फोडीनेच खायचा. मी रायवळांचा रस घेते, गाळून, मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवून. रायवळ आंबट-गोड असतो आणि गोठल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते, तेव्हा त्याचा तो आंबटपणा टिकून राहतो. आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 साली काढलेला रत्ना, नीलम आणि हापूसच्या संकराचा, तोही शेजारी लावलेला आहे. त्याला रेषा नाही, गाळायची कटकट वाचते. लिटरभर दुधाचा चक्का, वाटीभर आटवलेला रस, भिजवून गंधासारखे वाटलेले मूठभर काजू, चार चमचे साखर, वेलची, चिमूटभर मीठ. काजू अख्खे नकोत, कारखान्यातून तुकडा काजू मिळतो, तो अर्ध्या भावात तेच काम करतो. काजूत प्रथिनं 18-20 टक्के असली तरी त्याहून दुप्पट चरबी असते, तेव्हा तो इथे येतो तो मऊपणा आणायला. याच्या आठ कुल्फ्या होतात आणि एकीत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. म्हणजे एक अंडं, सोमवारी चालणारं.

आईंनी पहिली कुल्फी हातात घेतली, फिरवून बघितली, चाटली. "बरां लागता," म्हणाल्या, आणि लगेच, "पण साखर कित्याक राखलंस?" दुसरीही संपवली.

चक्क्यात कोकमही चालतं, फक्त आगळ नव्हे. आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस, त्यात मीठ असतं. अमृत कोकम घ्यायचं, साखरेच्या पाकातलं. ते तापवलेल्या दुधात ओतलं तर दूध फाटेल, चक्का आधीच आंबट असल्याने त्याला काही होत नाही, उलट सुंदर गुलाबी रंग येतो. दुधाची कुल्फी करायची असेल तर नाचणीचं सत्त्व आहे. दोन चमचे गार दुधात कालवून उकळत्या दुधात सोडलं की तेच पाणी धरून ठेवतं आणि स्फटिक बारीक राहतात. वर दुधाची पावडर घातली की प्रथिनंही चढतात, स्किम्ड पावडरीत ती 35 टक्क्यांच्या जवळ असतात. नाचणीला शेवटी मी प्रोटीनच्या खात्याजवळ जागा दिली ती अशी.

सगळ्यात मऊ झाली ती मात्र फ्रीजरमध्ये नव्हे. माझ्या जावेच्या माहेरी, शिरोड्याला, आइस्क्रीमचा जुना लाकडी संचा अजून आहे. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं. मिठागराचं खडे मीठ तिथे घराघरात. संच्याच्या पिंपात बर्फ आणि खडे मीठ थराथराने घालायचं. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता खेचून घेतो. प्रमाण नीट जमलं तर ते मिश्रण शून्याखाली 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. घरच्या फ्रीजरचं उणे 18 त्याच्या अलीकडेच. शिवाय ते खारं पाणी धातूच्या डब्याला सगळीकडून भिडतं आणि आत पातं सतत फिरत असतं, त्यामुळे स्फटिकाला वाढायला सवडच मिळत नाही. बर्फ आणला तो बंदरावरच्या बर्फ कारखान्यातून, लादी फोडून. तो मासळीसाठीचा, बाहेरच्या पिंपापुरताच. त्यातला एक खडाही आत जाता कामा नये यावर मी पोरांच्या डोक्यावर उभी होते. दांडा फिरवायला मुलं रांगेत होती, पाच मिनिटांनी एकेक गळत गेला. भाचा टिकला. पावडर कामाला आली असं म्हणायला हरकत नाही.

फ्रीजरवर भिस्त ठेवायची तर आमच्या भागातली वीजही लक्षात घ्यावी लागते. पावसाच्या तोंडाशी ती जाते आणि तिच्या मर्जीने येते. अर्धवट वितळून परत गोठलेली कुल्फी रवाळ तर होतेच, पण दुधाची वस्तू पूर्ण वितळून बराच वेळ तशीच राहिली तर ती पुन्हा गोठवून खाऊ नये. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माझी नणंद दापोलीला. वर्षभरासाठी गोठवलेला आमरस तिने शेजाऱ्यांना वाटला, उरला तो चुलीवर आटवून साठं (आंबापोळी) घातली, आणि तीही पावसात वाळेनात. तेव्हापासून ती आणि मीही मेच्या अखेरीस फ्रीजर अर्धाच ठेवतो. आणि सुकट त्याच फ्रीजरमध्ये ठेवणार असाल तर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. मऊ चक्का आजूबाजूचा वास फार प्रेमाने उचलतो.

आई आता खुर्चीतून हात न टेकता उठतात. श्रेय नक्की कशाचं ते मला सांगता येणार नाही. फिजिओथेरपिस्टने रोज उठबस करायला लावली त्याचा वाटा मोठा असणार, कारण नुसतं खाऊन स्नायू बनत नाही, त्याला काम लागतं. सकाळी त्या दीड घावणा आणि भरलेली वाटी खातात, वाटीत काय असावं यावर आदल्या रात्री चर्चा करतात. बटराचा पुडा अजून घरात येतो.

फणसाला मात्र त्यांनी अजून परवानगी दिलेली नाही. बरक्या फणसाचा रस चक्क्यात घालायचं मी म्हटलं तर त्यांनी दोन्ही हात वर केले. फणस आणि दही एकत्र? पोटात दगड होईल! शास्त्राला विचारून सुनेने सासूशी भांडू नये, म्हणून यंदा मी बरक्याचे गरे गाळून ते नारळाच्या घट्ट दुधात आणि गुळात गोठवणार आहे, वरून भाजलेल्या आठळ्यांचा चुरा. त्यात प्रोटीन नावालाच आहे, हे मी भाच्याला आधीच सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, मग मला दोन ठेव.